ऑर्थोटिक इनसोल बसेल असा देखणा बूट कसा निवडावा: आधी इनसोल, मग बूट

टाच दुखते, तळवा सपाट आहे किंवा चालून गुडघा भरून येतो म्हणून डॉक्टर ऑर्थोटिक इनसोल, म्हणजे बुटात पायाखाली ठेवायचा, कमानीला आणि टाचेला आधार देणारा तळ, लिहून देतात. माप होतं, काही दिवसांनी इनसोल हातात येतो आणि घरातल्या जुन्या बुटात कोंबला जातो. बूट घट्ट होतो, टाच वर उचलली जाऊन निसटते, करंगळीला फोड येतो. महिन्याभरात इनसोल कपाटात पडतो आणि "मला काही तो मानवला नाही" असं सांगितलं जातं. बहुतेक वेळा दोष इनसोलचा नसतो. बुटात त्याला जागाच नसते.

दुसरी चूक म्हणजे हौसच सोडून देणं. इनसोल आला म्हणजे आता जन्मभर काळे, जाडजूड, दवाखान्यातले वाटतील असे बूट, अशी समजूत फार पसरलेली आहे आणि ती खरी नाही. बुटाचं देखणेपण रंगात, चामड्यात, शिलाईत आणि पुढच्या आकारात असतं. इनसोलला हवी असते आतली खोली आणि टाचेमागची पक्की पकड. ज्या बुटांत या दोन्ही गोष्टी आहेत, त्यांतून मनाला येईल तो घ्या. दुकानात मात्र उलटं घडतं: काचेतला बूट आवडतो, नंबर मागितला जातो आणि इनसोलची आठवण बिल झाल्यावर येते.

सावधान: मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील, पायाला पूर्वी जखम होऊन गेली असेल किंवा पायाचा आकार बदललेला असेल, तर "घालून बरा वाटतो" ही कसोटी चालत नाही, कारण टोचलेलं कळतच नाही. अशांनी बूट डॉक्टरांना किंवा इनसोल करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवूनच वापरायला घ्यावा. रंग आणि नक्षी तुमच्या आवडीची, पण माप त्यांच्या नजरेखालचं.

## टप्पा १: इनसोल मोजा

दुकानात जाण्याआधी घरी टेबलावर इनसोलची जोडी ठेवा आणि पट्टीने चार मापं घ्या.

१. लांबी. इनसोल पूर्ण लांबीचा आहे, म्हणजे बोटांच्या टोकांपर्यंत, की पाऊण लांबीचा, म्हणजे चवड्याच्या मागेच संपणारा? पाऊण लांबीचा इनसोल बोटांखाली जाडी वाढवत नाही, त्यामुळे नाजूक बुटांत तोच बसण्याची शक्यता जास्त. पूर्ण लांबीच्या इनसोलला बोटांवरही खोली लागते.

२. जाडी, तीन ठिकाणी. टाचेच्या मध्यभागी, कमानीच्या सर्वांत उंच जागी आणि चवड्याखाली. टाचेखालची जाडी बघताना काठाची उंची मोजू नका. खोलगट भागाचा तळ मोजा. काठ १५ मिलिमीटर आणि तळ फक्त ४ मिलिमीटर असणं अगदी शक्य आहे, आणि पाय किती वर उचलला जाणार हे तळाच्या जाडीवरून ठरतं.

३. रुंदी. टाचेपाशी आणि मधल्या भागात. बुटाची कंबर, म्हणजे कमानीजवळचा निमुळता भाग, इनसोलपेक्षा अरुंद असेल तर इनसोल भिंतीवर चढतो आणि वाकडा बसतो.

४. कडकपणा. दोन्ही हातांनी वाकवून बघा. पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकचा कडक इनसोल बुटाच्या आकाराशी जुळवून घेत नाही, बुटालाच त्याच्याशी जुळावं लागतं. ईव्हीए फोमचा मऊ इनसोल थोडंफार सांभाळून घेतो, पण जागा जास्त खातो.

आता जाड पुठ्ठ्यावर दोन्ही इनसोलचा आकार पेन्सिलीने काढून कापून घ्या आणि त्यांवर डावा-उजवा लिहा. इनसोल सोबत नसताना बूट बघायचे असतील किंवा कारागिराला माप द्यायचं असेल, तेव्हा हे पुठ्ठे कामाला येतात. डावा इनसोल उलटा केला की उजवा होतो असं समजून एकच पुठ्ठा करू नका. मापानं केलेल्या जोडीत दोन्ही बाजू बऱ्याचदा वेगळ्या असतात.

इनसोल अजून बनायचा असेल, तर माप देतानाच विचारा: "मला ऑफिसच्या बुटात घालायचाय, पातळ आणि अरुंद करता येईल का?" मिरजेत दाखवत असाल किंवा पुण्यात, हा प्रश्न माप देतानाच विचारायचा असतो. रोज घालायचा एखादा बूट सोबत नेऊन दाखवला तर फारच उत्तम. नंतर कडक इनसोल घासून पातळ करायला जागा फार कमी उरते.

## टप्पा २: पाय मोजा, तोही संध्याकाळी

दिवसभर उभं राहून, चालून पाय फुगतो. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे जास्तच जाणवतं. सकाळी अकराला मापात बसलेला बूट संध्याकाळी सहाला चावतो. म्हणून माप संध्याकाळी घ्या आणि खरेदीही संध्याकाळीच करा.

भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे रहा. बसून नाही, पूर्ण वजन टाकून. सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब असतं, तेच धरायचं. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप पकडा.

लांबीत १० ते १२ मिलिमीटर मिळवा. बोटांपुढे एवढी मोकळी जागा लागते. जी बेरीज येईल तेवढी बुटाच्या आतली लांबी हवी.

नंबराचा हिशोब इथेच समजून घ्या. आपल्याकडच्या दुकानांत चालणाऱ्या यूके नंबरात एका पूर्ण नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा असतो आणि अर्ध्या नंबराचा सव्वाचार. युरोपियन नंबरात तो पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. त्यात एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीच्या आठाशी जुळेलच असं नाही. म्हणून नंबर फक्त शोधायला सुरुवात करण्यापुरता वापरा.

सगळ्यात जास्त होणारी चूक: इनसोलला जागा हवी म्हणून एक नंबर मोठा बूट घेणं. त्यानं लांबी वाढते, खोली नाममात्र वाढते. बूट जिथे वाकतो ती जागा चवड्याच्या पुढे सरकते, टाच सुटते, पाय आत पुढे घसरतो आणि बोटं पुन्हा टोकाला आपटतात. आपल्याला उंची आणि रुंदी हवी आहे, लांबी नव्हे. अर्धा नंबर वाढवणं कधी कधी योग्य असतं. पूर्ण नंबर वाढवावा लागत असेल तर तो बूट तुमच्यासाठी नाही, दुसरा मागा.

## टप्पा ३: पिशवी भरा

दोन्ही इनसोल. जे मोजे घालणार तेच मोजे; दुकानातले पातळ नायलॉनचे नकोत. लहान पट्टी. सध्या वापरात असलेला जुना बूट, कारण त्याच्या तळाची झीज बघून कोणत्या बाजूला जोर पडतो ते कळतं. साडीवर घालायचं पादत्राण घ्यायचं असेल तर साडीची उंचीही मनात ठेवा.

वार आणि वेळ नीट निवडा. लग्नसराईतल्या रविवारी सांगलीच्या मारुती रोडवर किंवा साताऱ्याच्या राजवाडा परिसरात दुकानदाराला तुमच्यासाठी पाच खोकी उघडायला वेळ नसतो. मधल्या वारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास जा आणि आत शिरल्या शिरल्या सांगा: "मला मेडिकल इनसोल घालायचाय. आतला सोल निघतो असेच बूट दाखवा." या वाक्यामुळे निम्मी खोकी आपोआप बाजूला होतात.

## टप्पा ४: पायात घालण्याआधी बूट हातात तपासा

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त टाळतात, आणि वेळ वाचतो तो इथेच. एका बुटाला दोन मिनिटं पुरतात.

आतला सोल निघतो का? टाचेकडून बोट घालून उचला. सहज निघाला तर उत्तम. चिकटवलेला असेल तर ओढू नका, दुकानदाराला विचारा. आतला सोल निघत नसेल आणि त्यावरच इनसोल ठेवायचा असेल तर फक्त पातळ, पाऊण लांबीचा इनसोल चालेल, तोही बूट मुळात खोल असेल तर. एकावर एक दोन सोल ठेवू नका. खालचा मऊ सोल दबत राहतो, वरचा इनसोल डुगडुगतो आणि डॉक्टरांनी दिलेला कोन बिघडतो.

खाली काय आहे? सोल काढल्यावर आत हात फिरवा. तळ सपाट हवा. काही बुटांत कमानीखाली कंपनीनेच कायमचा उंचवटा दिलेला असतो. त्यावर तुमचा इनसोल ठेवला की दोन कमानी एकमेकींवर बसतात. असा बूट परत करा. खिळ्याचं डोकं, गोंदाची गाठ, जाड शिवण हाताला लागली तरी तेच. काही साच्यातल्या सोलना टाचेखाली पोकळ जाळी असते. कडक इनसोल त्यावर चालून जातो, पण मऊ इनसोल जाळीत दबून खड्डे पडतात.

निघालेला सोल किती जाड? पट्टीने मोजा आणि टप्पा १ मधल्या आकड्यांशी ताडून बघा. समजा, बुटातला सोल टाचेखाली ५ मिलिमीटर आणि चवड्याखाली ४ मिलिमीटर आहे. तुमचा इनसोल टाचेखाली ६ आणि चवड्याखाली ३. हा बूट जमेल. तुमचा इनसोल टाचेखाली ९ मिलिमीटर असेल, तर टाच ४ मिलिमीटर वर उचलली जाईल आणि पकडीतून निसटू लागेल. फरक ३ मिलिमीटरच्या आत ठेवला तर सहसा त्रास होत नाही.

टाचेमागची भिंत कडक आहे का? अंगठा आणि तर्जनीने दोन्ही बाजूंनी दाबा. सहज चपटी होत असेल तर बूट इनसोलला धरून ठेवणार नाही.

कुठे वाकतो? टोक आणि टाच धरून दाबा. बूट चवड्याच्या रेषेवर वाकायला हवा. मधोमध कमानीपाशी दुमडत असेल तर आतला कडक इनसोल खाली आधार न मिळाल्यामुळे हलत राहतो. आता पिळा, ओल्या कपड्यासारखा. जितका कमी पिळला जाईल तितका चांगला.

टाच किती उंच? टाचेची उंची वजा पुढच्या तळाची जाडी, हा खरा आकडा. तो अडीच सेंटिमीटरच्या आत असावा. त्याहून जास्त चढ असला की पाय पुढे सरकतो, इनसोलची कमान पायाच्या कमानीखाली राहत नाही आणि इनसोलची टाच मागून उचलली जाते. उंची आवडणाऱ्यांसाठी यातच एक वाट आहे: टाच चार सेंटिमीटर आणि पुढचा तळ दोन, म्हणजे खरा चढ दोनच सेंटिमीटर. असा सलग जाड तळाचा बूट उंचीही देतो आणि इनसोलही सांभाळतो. फार जाड तळ मात्र घेऊ नका, घोटा मुरगळतो.

पुढचा भाग. इनसोलचं टोक बुटाच्या टोकाला लागतं का, हे बाहेरूनच कळतं: बूट टेबलावर ठेवा, त्याच्या बाजूला इनसोल धरा. टोकदार बूट नेहमीच वर्ज्य असतात असं नाही. निमुळतं टोक बोटांच्या पुढे सुरू होत असेल तर चालतं. बोटांवरच निमुळतं होत असेल तर ठेवून द्या.

## टप्पा ५: इनसोल घालून चाचणी

१. बुटातला सोल पूर्ण काढा. इनसोल टाचेकडून सरकवत मागे नेऊन दाबा. मागे फट राहता कामा नये.

२. बूट टेबलावर ठेवून इनसोलच्या टाचेच्या एका काठावर बोटाने दाबा, मग दुसऱ्या. डुगडुगत असेल तर बुटाचा तळ आणि इनसोलचा तळ जुळत नाहीत. वरून आत बघा: काठ भिंतीवर चढलेत का? चढले असतील तर पायात घालायचीही गरज नाही.

३. मोजे घालून दोन्ही पायांत बूट घाला. एकाच पायात घालून उभं राहिलं की कंबर वाकडी होते आणि काहीच नीट कळत नाही.

४. बसल्या बसल्या टाच जमिनीवर आपटून मागे सरकवा, मग लेस बांधा. लेसच्या दोन पट्ट्यांमधली फट वरून खाली सारखी हवी, साधारण एक ते दीड सेंटिमीटर. खाली बोटांकडे अरुंद आणि वर घोट्याकडे रुंद अशी फाकलेली दिसली तर पायाचा माथा बुटाला जड जातोय.

५. उभे रहा. लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे का ते बघा. बुटाच्या वरून चवड्याच्या दोन्ही बाजूंना चिमटा घ्या. चामडं जरा तरी हाताला आलं पाहिजे. अजिबात येत नसेल तर अरुंद. बोटं वर उचलून बघा. छताला घासली तर उथळ.

६. चाला. गालिच्यावर नको, फरशीवर चाला, पाच ते दहा मिनिटं. टाच थोडी, तीन-चार मिलिमीटर, उचलली गेली तर नव्या बुटात चालतं. प्रत्येक पावलाला सुटत असेल तर नाही.

७. जिना उतरा. सातारकरांनी हे चुकवूच नये. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठांतून रोज उतरायचं तर पाय बुटात पुढे घसरतो का, हे सपाटीवर चालून कधीच कळणार नाही.

तपासा: बूट काढल्यावर लगेच मोजे काढून पाय बघा. नुसता लालसर पट्टा असेल आणि अर्ध्या तासात गेला तर ठीक. एका बिंदूवर गडद लाली असेल, विशेषतः अंगठ्याच्या हाडावर, करंगळीवर किंवा कमानीच्या काठावर, तर तो बूट घेऊ नका. "चामडं सैल होईल" हे आश्वासन रुंदीपुरतं, तेही खऱ्या चामड्याला, थोडंसंच लागू पडतं. रेक्झिन सैल होत नाही आणि लांबी कशाचीच वाढत नाही.

## टप्पा ६: आता रूप

इथवर जे बूट टिकले त्यांतून आवडीनं निवडा. कोणत्या प्रसंगाला कोणता आकार शोधायचा, याचा अंदाज पुढे दिला आहे.

ऑफिस, बँक, कोर्ट (पुरुष). काळा किंवा तपकिरी लेदरचा डर्बी घ्या. डर्बीत लेसच्या पट्ट्या वरून उघड्या असतात, त्यामुळे इनसोलमुळे पाय वर आला तरी त्या सामावून घेतात. ऑक्सफर्डच्या पट्ट्या खाली शिवलेल्या असतात, इनसोल घातला की फाकून वाईट दिसतात. बक्कलाचा मंक स्ट्रॅप हा सगळ्यात देखणा पर्याय, आणि पायही सहज बसतो. लोफर टाळा. त्यात बांधायला काही नसतं, इनसोलनं टाच उचलली की बूट चालताना निघतो.

साडी, सलवार-कमीज (शिक्षिका, नर्स, ऑफिस). बेली बहुतेक वेळा बादच होते. उथळ असते आणि टाचेला धरत नाही. तिच्याऐवजी मेरी जेन बघा: समोरून बेलीसारखीच, पण पायाच्या माथ्यावर पट्टा. पट्टा वेल्क्रोचा असावा किंवा बक्कलला चार-पाच भोकं असावीत. साडीच्या निऱ्यांखालून दिसतं ते फक्त टोक आणि थोडी टाच, त्यामुळे सोनेरी, मरून किंवा तांब्याच्या रंगाची बंद मेरी जेन समारंभातही शोभते. नवं पादत्राण घेतलं की साडी ते घालूनच नेसा. तळ जाड असेल तर काठ वर राहतो.

कॉलेज, प्रवास, रोजचं. पांढरा किंवा एकरंगी लेदर स्नीकर. कुर्तीवर, जीन्सवर, अगदी साध्या साडीवरही जातो. यांत आतला सोल बहुधा निघणारा असतो आणि खोलीही पुरेशी असते. रुंद पायांना न्यू बॅलन्ससारख्या कंपन्या वेगवेगळ्या रुंदीत बूट करतात. दुकानात नसेल तर मागवून घेता येतं.

थंडी आणि पाऊस. घोट्यापर्यंतचा लेसचा किंवा चेन असलेला बूट. उंच असल्यानं टाच निसटत नाही, म्हणून जाड इनसोलवाल्यांना हाच सर्वांत सोपा पडतो. नुसत्या इलास्टिकच्या चेल्सी बुटात माथा उंच असणाऱ्यांचा पाय अडकतो. आधी घालून बघा.

लग्न. मोजडीत इनसोल बसत नाही. तळ सपाट, भिंत मऊ, खोली नाही. विधीपुरती, बसण्याच्या वेळेला मोजडी घाला आणि वरातीला, स्वागत समारंभाला लेदरचा किंवा मखमली मंक स्ट्रॅप. नवरदेवाचे बूट पळवण्याची रीत आहे. आत इनसोल आहे, हे मेव्हण्यांना आधीच सांगून ठेवा.

कोल्हापुरी. हा प्रश्न आपल्या भागात हमखास येतो. पारंपरिक कोल्हापुरीत इनसोल बसत नाही: मागे पट्टा नाही, बाजूला काठ नाही, वर ठेवलेला इनसोल दोन पावलांत बाहेर येतो. दुतोंडी टेपने चिकटवण्याचा प्रयोग करू नका. कडक इनसोल घसरला तर पाय मुरगळेल. ज्यांना तेच रूप हवंय त्यांनी पुढचा टप्पा वाचावा.

## टप्पा ७: कारागिराकडून करून घेताना

कोल्हापुरीला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे आहेत. चामड्याचं काम जाणणारे हात जवळच आहेत. पण "इनसोलची चप्पल करा" एवढं सांगून भागत नाही. नेमकं सांगा:

- मागे पट्टा असलेली सँडल हवी, आणि वरचे पट्टे कोल्हापुरी वेणीचे.
- पाय ठेवायची जागा खोलगट, चारी बाजूंना १२ ते १५ मिलिमीटरचा काठ, टाचेकडे जास्त.
- खोलगट भागाचा तळ इनसोलच्या पुठ्ठ्याच्या मापाचा, सर्व बाजूंनी जेमतेम एक-दोन मिलिमीटर मोकळा. जास्त मोकळा ठेवला तर इनसोल फिरतो.
- दोन पट्टे कमी-जास्त करता येणारे. वरून बक्कल दिसेल, खाली वेल्क्रो असेल तरी चालेल.
- इनसोलच्या जागी एकही खिळा नको. चिकटवून शिवायचं.
- खालचा तळ रबराचा. नुसत्या चामड्याचा तळ पावसात आणि गुळगुळीत फरशीवर घसरतो.

कारागिराला इनसोलची खरी जोडी दाखवा आणि पुठ्ठे त्याच्याकडे ठेवा. आधी एकाच पायाचं कच्चं काम करून घेऊन त्यात इनसोल बसवून बघा, मगच दुसरा पाय. बंद बूट करून घेत असाल तर साच्याखाली इनसोलच्या जाडीचा थर लावून मगच वरचं चामडं ओढायला सांगा. तसं केलं नाही तर बूट इनसोलविना अचूक आणि इनसोलसह घट्ट होतो.

एमसीआरची चप्पल आणि ऑर्थोटिक इनसोल एकच नाहीत. एमसीआर हे मऊ रबर आहे, दाब पसरवतं. तुमच्या पायाच्या मापाची कमान त्यात नसते. डॉक्टरांनी दोन्हीपैकी काय सांगितलं आहे ते चिठ्ठीवर बघा.

## टप्पा ८: ऑनलाइन घेताना

"रिमूव्हेबल इनसोल" आणि "वाइड फिट" हे शब्द वर्णनात शोधा. बाजूने काढलेला फोटो बघा: पुढचा भाग चपटा आहे की उंच, लेसची भोकं किती. चार-पाच जोड्या असतील तर पाय आवळून धरता येतो. परत करण्याची मुदत आधी वाचा. बूट आला की संध्याकाळी, स्वच्छ चटईवर, टप्पा ४ आणि ५ पूर्ण करा. लेबल काढू नका, खोकं फाडू नका.

## टप्पा ९: सवय लावणे

नवा इनसोल आणि नवा बूट एकाच दिवशी सुरू करू नका. कशामुळे दुखतंय ते कळत नाही. आधी इनसोल एखाद्या सैल, वापरलेल्या स्पोर्ट्स शूजमध्ये घालून त्याची सवय करा: पहिल्या दिवशी एक तास, मग रोज साधारण एक तास वाढवत. दोन आठवड्यांत बहुतेकांना दिवसभर चालतो. मग तो नव्या बुटात न्या आणि बुटासाठी पुन्हा दोन-तीन तासांपासून सुरुवात करा.

पोटऱ्या, तळवे थोडे अवघडणं या काळात अपेक्षित आहे. टोचणारी कळ, मुंग्या, बधिरपणा किंवा फोड अपेक्षित नाही. तसं झालं तर थांबा आणि इनसोल करणाऱ्याकडे जा. घरी कानशीने किंवा ब्लेडने कडक इनसोल घासू नका. पूर्ण लांबीच्या इनसोलचं फक्त बोटांकडचं मऊ टोक घरी कापता येतं: बुटातून निघालेला सोल वर ठेवून खूण करा, एका वेळी दोन मिलिमीटर कापा, घालून बघा. टाचेकडून कधीच कापू नका, त्यानं कमान मागे सरकते.

टाच थोडी सुटते? लेसच्या सगळ्यात वरच्या भोकातून लेस त्याच बाजूला ओवून छोटा फासा करा, दुसऱ्या बाजूची लेस त्यातून घालून आवळा. एक पाय लहान असेल तर त्या बुटाच्या जिभेखाली फेल्टची पातळ पट्टी चिकटवा. पाय मागे सरकतो. चालताना करकर आवाज येतो? इनसोल काढून बुटाच्या तळावर चिमूटभर टाल्कम पावडर पसरा.

आपल्या घरांत आपण अनवाणीच असतो, आणि टाचदुखीवाल्यांना इथेच फटका बसतो. सकाळी पलंगावरून उतरताना थंड फरशीवर टाकलेलं पहिलं पाऊल सगळ्यात जास्त दुखवतं. फक्त घरात वापरायची, कमानीला आधार असलेली, मागे पट्ट्याची सँडल पलंगाशेजारी ठेवा. बाहेरच्या बुटातला इनसोल रोज काढून घरातल्या चपलेत घालणं टिकत नाही, चार दिवसांत कंटाळा येतो.

## टप्पा १०: निगा

रात्री इनसोल बुटातून काढून वेगळा ठेवा. पावसाळ्यात बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि तेच बूट लागोपाठ दोन दिवस घालू नका. इनसोल ओल्या फडक्याला सौम्य साबण लावून पुसा, सावलीत वाळवा. इस्त्री, गॅस, हेअर ड्रायर, उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड यांपासून लांब ठेवा; उष्णतेनं फोम आणि प्लास्टिक आकार सोडतात, आणि एकदा आकार गेला की तो परत येत नाही.

दर सहा महिन्यांनी उजेडात बघा. वरचं कापड फाटलं असेल तर ते बदलून मिळतं, नवा इनसोल लागत नाही. फोमची कमान अंगठ्यानं दाबल्यावर परत वर येत नसेल, प्लास्टिकला तडा दिसत असेल किंवा बुटाचा बाहेरचा तळ एका बाजूनं झिजून बूट टेबलावर कलत असेल, तर जुना बूट आणि इनसोल दोन्ही घेऊन तज्ज्ञाकडे जा. कललेल्या बुटात नवा इनसोल घातला तर तोही कलूनच बसतो.